साडेबावीस अंश

रुवीतल्या चष्म्याच्या दुकानात
मी मच्छीमारांना पोलराइज्ड काचा विकतो.
पाण्यावरची चमक कापली की
खालचा मासा दिसतो, एवढं सांगून भागतं.

झहरान अल-अब्री चष्म्यासाठी आला नव्हता.
त्याच्या वहीत स्पेक्ट्रोग्राफचं चित्र होतं,
फटीमागे चार बोटं मोकळी जागा.
"इथे बसेल का, केंजळे?"

म्हणून नोव्हेंबरात, जबल शम्सवर,
बोटं गारठलेली, शेळ्या शेडला अंग घासताहेत,
आणि आम्ही कॅल्साइटचा लोलक बसवतोय.
संगमनेरला विहीर फोडताना असा दगड निघायचा.
वर्तमानपत्रावर ठेवला की प्रत्येक बातमी दोनदा.
मी तो सात गोट्यांना देऊन टाकला होता.

झहरान पडद्याकडे बघून हबकला.
"एक पट्टा होता, त्याचे दोन झाले!
आधीच मूठभर उजेड, तोही तू वाटून टाकलास."
मग हसत, "तुझ्यासारखाच. अर्धा इथे, अर्धा तिकडे."
मी म्हटलं, गोंद वाळू दे. हलू नकोस.

शून्य, साडेबावीस, पंचेचाळीस, साडेसदुसष्ट.
तबकडी फिरवायची, थांबायचं, पुन्हा फिरवायची.
वडील पहाटे निमकी घोकून घ्यायचे,
कशासाठी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

वरच्या पट्ट्यातून खालचा वजा.
शर्मिष्ठेतला मधला तारा,
झहरानच्या भाषेत ती खुर्चीवाली बाई,
दोन टक्के कललेला निघाला.
आम्ही ओरडलो. चहा केला.
त्याच्या चुलतभावाला फोन करून उठवलं.

चहा अर्धा झाल्यावर मला आठवलं,
आणि ज्याच्या उजेडाला कसलाच कल नसतो
असा एक साधा तारा समोर घेतला.

तोही कललेला. दीड टक्का.

तो दीड टक्का आमचा होता.
थोडा आरशाचा, आणि बाकीचा
गोंद लावताना माझ्या अंगठ्याने
जरा जास्तच दाबलेल्या काचेचा.
एकोणीस वर्षं लोकांच्या डोळ्यांवर काचा बसवतोय.
अंगठा कुठे किती दाबला गेला,
कुणी विचारलं नाही, मीही बघितलं नाही.

वजा केला. उरला अर्धा टक्का.
झहरानने तो वहीत लिहिला, पुढे तारीख,
आणि पेन माझ्याकडे सरकवलं.
बाहेर शेळी अजून अंग घासत होती,
शेड हलत होती, सही वाकडी आली.
"हेही वजा करायचं का?" त्याने विचारलं.