उगवण चाचणी

तुषार डोंगरदिवेनं दोन हजार उसने नेले
आणि तारण म्हणून ही गिटार ठेवली.
मग लॅबमधलं त्याचं कंत्राट संपलं,
फोन लागेना.
वर्षभर ती कपाटावर, उशीच्या जुन्या अभ्र्याखाली.
एका रविवारी मीच धूळ पुसली,
म्हटलं, निदान व्याज तरी वसूल करू.

मिशन कंपाउंडमध्ये पारखे सर शिकवतात.
वर्गात दोघीच: मी, आणि चौथीतली इक्रा.
सी आला. ए मायनर आला. जी रडतखडत.
मग एफ.

एफमध्ये पहिल्या बोटानं आडवं पडायचं
सहाच्या सहा तारांवर, एकट्यानं,
आणि बाकीच्या तिघांनी आपापली जागा धरायची,
शेजारी कुणी दबून चाललंय
हे जणू दिसतच नाही.

सोप्या कामाला लोक डाव्या हाताचा खेळ म्हणतात.
डाव्या हातानं कधी काही केलेलं नसणार त्यांनी.
माझ्या डाव्या तर्जनीला आजवर एकच नेमून दिलेलं काम:
मतदानाच्या दिवशी शाई लावून घेणं.
ती शाई अजून आहे, नखाबरोबर वर सरकत,
आणि खाली आता तारेचे सहा वळ.

इक्राचं बोट माझ्या करंगळीएवढं.
तिचा एफ दुसऱ्याच तासाला वाजला.
मला म्हणाली, "आंटी, इत्ता जोर नक्को लगाओ."

मला मोजल्याशिवाय काही कळत नाही.
जालन्यात पंधरा वर्षं बियाणं तपासते:
शंभर बिया ओल्या कागदावर, गुंडाळी,
उबेचं कपाट, आठव्या दिवशी उघडायचं.
किती उगवल्या, किती वाकड्या, किती मेल्या.
तशाच रात्री एकेक तार छेडते.
सहावी उगवली.
पाचवी, चौथी उगवल्या.
तिसरी घरघरते: असामान्य रोप, धरत नाहीत.
दुसरी मेली.
पहिली मेली.
पन्नास टक्के. लॉट नापास.

तुरीला पंचाहत्तर लागतात.
एकदा चौऱ्याहत्तर आले होते.
साहेब म्हणाले, मॅडम, एका बीचा तर प्रश्न आहे.
मी पुन्हा मोजलं. चौऱ्याहत्तर.
पुढं काय लिहिलं ते इथं सांगत नाही.
उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणतात.
डावा तेव्हा कागद दाबून धरून होता.

पारखे सर म्हणाले,
"ताई, बोट पालथं दाबू नका. थोडं कुशीवर वळवा,
झोपलेल्या लेकराला वळवतो ना, तसं."
समोरच्या बाजूला मऊ खाचा असतात,
तार तिथं लपून बसते. कडेला हाड.
चव्वेचाळीस वर्षं हे बोट माझ्याजवळ आहे
आणि त्याला कूस असते
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

परवा तुषारचा मेसेज आला:
मॅडम, पैसे जमवतोय.
मी लिहिलं, घाई नको.

काल नळाचा दिवस. दहाव्या दिवशी येणारा.
पाणी भरलं की बोटांचे घट्टे भिजून मऊ पडतात,
म्हणून आधीच बसले.
गल्लीत पाइप ओढल्याचे आवाज,
कुणाची तरी मोटार कोरडीच खडखडतेय.
वळवलं. धरलं. छेडलं.
सहावी, पाचवी, चौथी.
तिसरी, न घरघरता.
दुसरी गप्प.
पहिली! बारीक, पण स्वच्छ.

त्र्याऐंशी टक्के. नियमानं पास.
तरी दुसऱ्या तारेपुढं मी मेली असं लिहिलं नाही.
आमच्या तक्त्यात एक रकाना असतो, कठीण बियांचा.
आठ दिवस ओल्यात ठेवलं तरी पाणी पीत नाहीत,
पण कुजतही नाहीत.
दाबून पाहिलं तर दगडासारख्या.
त्यांना जिवंत धरतात.

"अवं, नळ आला ना! काहून बसलीस?"
भिंतीपलीकडून शेवंताबाई.

आले, म्हटलं,
आणि हंडा नळाखाली लावून
परत आले.