उसं कुणीकडे

भिंतीवर पितळेत त्याच्या चार ओळी आहेत.
सेप्टिमस हॅलोवेल, बेटांचा बिशप, सव्वीस वर्षं,
आणि एक लॅटिन शब्द, घासून घासून निम्मा गेलेला.
पितळ पुसणाऱ्या मिसेस ग्रिंडल म्हणतात,
त्याच्या नावातलं पहिलं अक्षर फार मळतं.

सेप्टिमस म्हणजे सातवा.
सहा भावांचे कोट त्याच्या अंगावर संपले.
सातव्याला नवं काय मिळणार? देव मिळाला.
तोही तसा वापरलेलाच, पण मापात बसला.

नकाशावर त्याचा धर्मप्रांत निळा, निळा, निळा,
मध्ये माशी बसून गेल्यासारखे ठिपके.
गलबतावर त्याला पहिल्या दिवसापासून
शेवटच्या दिवसापर्यंत बोट लागली.
प्रवचन थांबवून कठड्याकडे जायचा,
ओकून यायचा, आणि वाक्य सोडलं तिथूनच उचलायचा.
खलाशी ह्यालाच भक्ती म्हणत.

किनाऱ्यावर पोहत जायचा. टोपीत मासेमारीचे गळ,
दातांत डांबरी कापडात गुंडाळलेली वही.
बेटावर त्याचं नाव पडलं: ओला माणूस.
वहीत कोनफळाला शब्द, उलांडीला शब्द.
पापाला सहा वर्षं शोधून शब्द मिळेना,
शेवटी 'वाट चुकलेली होडी' यावर भागवलं.

आणि दर वर्षी तो मुलं न्यायचा,
दूर दक्षिणेला, शाळेत,
जिथं पहाटे गवतावर मीठ सांडल्यागत पांढरं होई.
अक्षरं, सुतारकाम, प्रार्थना, बूट.
वहीत नोंद आहे: कुऱ्हाडी अकरा, मुलगे नऊ.
एकाच ओळीत.
त्या ओळीपाशी मी फार वेळ बसलो.

वेनुआरो बेटावरचा तारिसाल, वय अंदाजे बारा,
ऑगस्टात हगवणीनं गेला.
लंडनच्या मंडळाला अहवाल:
वर्ष एकंदरीत समाधानकारक.

आईला मात्र तोंडानं सांगायला जावं लागलं.
रोमेताव वाळूत नीरफणस भाजत होती.
त्यानं घोंगडी पुढे केली, पाटी पुढे केली,
स्वर्गाबद्दल सांगायचं ते तिच्या भाषेत सांगितलं,
व्याकरणाची एकही चूक न करता.
तिनं फणस उलटा केला. मग विचारलं,
'त्याचं उसं कुणीकडे केलंत?'

त्याला आठवेना.
प्रार्थना त्यानंच म्हटली होती,
पण पाऊस होता, पुस्तक भिजू नये म्हणून
तो सगळा वेळ पुस्तकावर वाकलेला.
त्या दिवशी त्याला पहिल्यांदा जमीन लागली.

बाराशे मैल परत.
ओल्या कपड्यांनिशी होकायंत्र घेऊन
तो थडग्याशी गुडघ्यांवर बसला.
माळ्याला वाटलं, बिशपसाहेब प्रार्थना करताहेत.

पुढच्या हंगामात त्यानं सांगितलं, 'मावळतीकडे.'
'म्हणजे उठून बसला की तोंड उगवतीला.
आणि आमचं बेट तिथून?'
'उत्तरेला.'
'मग त्याला मान वळवावी लागेल,' ती म्हणाली,
आणि एक कोनफळ त्याच्या पायाशी ठेवलं.
ती क्षमा नव्हती.
हंगाम कोनफळांचा होता, इतकंच.

त्यानंतरच्या पानांवर कुऱ्हाडी नाहीत.
मुलगे आहेत. कमी, पण आहेत.

म्हातारपणी याच गावात दोन खोल्या, एक दमेकरी कुत्रा.
मृत्युपत्रात पैसा नव्हता, अंशांत लिहिलेली एक दिशा होती.
पाद्री मंडळींनी खूप खल केला.
साध्या माणसाचं डोकं पश्चिमेला, धर्मगुरूचं पूर्वेला,
ह्याचं हे तिसरंच काय?
पुढे कागदपत्रं गप्प आहेत. एक गवंड्याचं बिल आहे,
त्यावर शेरा: फरशी आडवी बसत नाही.

मिसेस ग्रिंडलना विचारलं, ह्याचं उसं कुणीकडे?
फडका हातात धरून त्यांनी जमिनीकडे पाहिलं.
'रेडिएटरकडे असावं,' म्हणाल्या,
'पण खात्रीनं नाही सांगता येणार.'