बँकर

मला बघायला साखळीहून पाहुणे आले.
वडील काय करतात, विचारलं.
आई म्हणाली, बँकरवर असतात.
पाहुणे खुर्चीत जरा सावरून बसले,
कुठल्या शाखेत?
आई म्हणाली, कुळे ते कॅसलरॉक.

हसू नका.
सदतीस पावलांना एक पाऊल वर, असा तो घाट,
आणि वास्कोहून आलेला कोळसा
पुढच्या दोन इंजिनांना ओढवत नाही.
मग कुळ्याला मागे तीन जोडतात, ढकलायला.
ते बँकर.
त्यातल्या एकात माझा बाप, पुंडलिक सोनू वेळीप.
समोर मोठी काच,
काचेपुढे वॅगनची गंजलेली पाठ.

सव्वीस किलोमीटर तो त्या गंजाकडे बघत चढायचा.
कुठवर आलो ते कानाने कळायचं:
बोगद्यात आवाज पोटात शिरतो,
पुलावर पायाखालून निसटतो,
दूधसागराशी पोरं ओरडतात, फोटो काढतात,
पुढच्या इंजिनाचे.

इंग्रजी अक्षरं मी इंजिनांवरून शिकले.
डब्ल्यू म्हणजे रुंद रूळ. डी डिझेल.
ए म्हणजे वरच्या तारेतली वीज, ती आपल्याकडे नाही.
पी माणसं नेतं, जी माल,
एम पडेल ते काम करतं, तुझ्या आईसारखं.
आणि शेवटचा आकडा?
तो वरून येतो, म्हणाला, आणि पेजेत मीठ घातलं.

डब्ल्यूडीएम-टू म्हणजे सोळा सिलिंडरांचा दमेकरी.
नॉच चढवला की आधी काळा धूर,
मग थोडा विचार,
मग ताकद.
आईच्या वाळत घातलेल्या चादरींवर
त्याची हजेरी लागलेली असे.
पुढे हुबळीच्या शेडमधून डब्ल्यूडीजी-फोर आलं,
धूर कमी, एका सुरात घुमणारं.
बाप त्याला भटजी म्हणायचा.
पण श्रावणात वाळू ओली होऊन नळीत अडली
आणि चाकं जागच्या जागी फिरू लागली
की भटजीलासुद्धा शिव्या.

चवथीच्या आदल्या दिवशी सोनावळीला गाडी थांबली
की तो उतरून रानात हात घालायचा.
कांगलां, घागऱ्यो, मिळेल ते.
आमच्या माटोळीला डिझेलचा वास यायचा.
देवाने कधी काही म्हटलं नाही,
काकी म्हणायची.

साखळीचे परत आले नाहीत.
मी भरतीचा फॉर्म भरला.

बापाच्या शेवटच्या वर्षी घाटात खांब उभे राहिले,
त्याचा उजवा कान तोवर गेला होता.
मी ट्रेनिंगहून सुट्टीवर आले,
जेवताना त्याला डब्ल्यूएजी-नाईन सांगत बसले:
सहा मोटारी, सहा हजार घोडे,
सुटताना गळा साफ केल्यासारखं गातं,
आणि उतारावर ब्रेक लावला
की वीज परत करतं.
कोणाला?
तारेला. कोणी चढत असेल तर त्याला.
त्याने घास हातातच ठेवला.
म्हणजे बँकेत काम करतं ते खरं, म्हणाला,
आणि आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

आता मी पुढच्या इंजिनात, असिस्टंट.
समोर सगळं दिसतं.
सिग्नल, माकडं, एकदा तर रुळांत उभा गवा,
तो आमच्याकडे बघत राहिला, आम्ही त्याच्याकडे,
मिनगेल गार्ड वॉकीटॉकीवर विचारतोय, काय झालं, काय झालं.
कुळ्याला बँकर लागतात.
रेडी, असा मागून आवाज येतो
आणि पाठीला एक ढकल बसते.
कोण आहे ते दिसत नाही.

फाटकापाशी बाप उभा असतो,
डावा कान रुळांकडे करून.
मी खिडकीतून हात हलवते.
तो माझ्याकडे बघत नाही.
एकेक डबा जाऊ देतो,
आणि मागची तीन मोजतो.