किलोच्या भावात

शहापुरात, गल्लीच्या तोंडाशी
इराप्पा कमतगीचं रद्दीचं दुकान.
कांड्या भरून झाल्या की मी तिथं,
केसांत अजून रेशमाची कुसं.

इराप्पा लेखक मानत नाही, वजन मानतो.
पारड्यात भुताची कादंबरी,
वर ध्रुवावरचं प्रवासवर्णन,
काटा हलेना म्हणून लोणच्यांचं पुस्तक.
"तगोरी अक्का," म्हणतो,
"कविता वरती फुकट. हलकीच असते."

ध्रुवाचं बर्फ मी मे महिन्यात वाचलं,
करंट गेलेला.
लोणच्यांच्या समासात कुणाची तरी उधारी होती,
तीही वाचली.

मग आली एक खुनाची गोष्ट.
शेवटची अकरा पानं गायब.
महिनाभर मी मालकाकडेसुद्धा
संशयानं बघत होते.

तीच पुढं कानडीत सापडली,
मुखपृष्ठावर तोच सुरा.
माझं कानडी बसच्या पाटीपुरतं.
शेजारच्या गंगव्वाच्या पोराला अक्षर अक्षर विचारत
उंबऱ्यावर बसून अकरा पानं,
दिवाळी ते संक्रांत.
गंगव्वा जोंधळे निवडत ऐकायची.

खुनी कोण, ते दोघींना एकदमच कळलं.
सूप खाली ठेवून ती म्हणाली,
"ते असू दे गे.
मेलं कोण होतं?"