काढता पाय

ओल्डहॅममधली जुनी सूतगिरणी. खाली आता पाळणाघर,
वर आठवण सुटत चाललेल्या म्हाताऱ्यांचं घर.
मला काम दिलंय: एकच पाटी,
साडेतीनपासून त्र्याण्णवपर्यंत सगळ्यांना कळेल अशी.

आधी नेहमीचाच दाखवला,
हिरव्या चौकोनात दाराकडे झेपावलेला.
इनाया म्हणाली, "ह्याला शू लागलीय."
शेजारचा म्हणाला, "नाही, बस चुकतेय.
आणि डोळेच नाहीत, मग दार दिसलं कसं?"
मी वहीत लिहिलं: डोळे?

वर मिस्टर क्लेग यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला.
"हा मी नव्हे. सत्तावन सालापासून मी पळालेलो नाही."
म्हणून त्याला काठी दिली,
ती दुरून तिसऱ्या पायासारखी दिसायला लागली.
पाय सावकाश केले, तर तो फिरायला निघाला.
एक आजी घातली, एक मूल घातलं,
पाटी लग्नातल्या फोटोसारखी दाटली.
शिवाय मोतीबिंदूतून हिरवा रंग राखाडी होतो,
शिवाय मुलांची नजर दाराच्या मुठीवर चढतच नाही.
एका रात्री मी रांगत रांगत अख्खा कॉरिडॉर मोजला.

तेंडाई तिथं म्हाताऱ्यांचं सगळं बघते. हळूच म्हणाली,
"पाटी जरा कमी ठळक नाही का होणार?
चार वाजले की एनिड स्कोफील्ड ती वाचते,
कोट घालते, पर्स घेते
आणि दाराचा आडवा दांडा ढकलत राहते.
तिची गिरणी सुटलेली असते."

म्हणजे आग लागली की ओरडायचं
आणि एरवी तोंडातून ब्र काढायचा नाही.
माझ्या भाषेत निघतानाही 'येते' म्हणतात.
तसं काहीतरी चित्रात आणायला गेले.
सतरा कागद फाडले.

नोव्हेंबरात सराव. मंगळवार,
मुलं गोष्टीच्या तासाला वर आलेली.
भोंगा झाला. पाट्या लखलखल्या, माझ्याच.
आणि जो तो ज्या जिन्याने चढला होता त्याच जिन्याकडे,
तिथं पळता भुई थोडी,
एकही मान वर नाही.
खोटं कशाला सांगू, मीही त्यांच्याच मागे.

फक्त एनिड.
घड्याळात तीनच वाजले होते,
पण भोंगा म्हणजे भोंगा.
कोट, पर्स, डावीकडचं शेवटचं दार,
दांड्यावर दोन्ही तळवे, खांद्याचा सवयीचा रेटा.
भोंग्याबरोबर कुलपं आपोआप सुटतात.
तिला ते कुणी सांगितलं नव्हतं.
दार उघडलं तेव्हा ती क्षणभर थांबली,
इतकंच.
मागे पर्सचा पट्टा धरून इनाया,
इनायाच्या मागे अकरा मुलं,
त्यांच्या मागे स्लिपर फरफटवत मिस्टर क्लेग.

आम्ही खाली पोचलो तेव्हा ते सगळे कधीचे उभे होते
धुक्यात, सायकलींच्या शेडपाशी.
माझ्या तक्त्यात रकाने होते: रंग, उंची, अक्षर, बाण.
एनिड कुठं भरू?

ती मुलांकडे वळली, कोटाचं वरचं बटण लावलं
आणि म्हणाली,
"उद्या वेळेवर या."