छाट

काय शिकालीस ग तू, मामा विचारतो,
ओरडून. त्याच्याच कानात
चोवीस वर्षांचा माग अजून खटखटतोय.
विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज, मी म्हणते.
तो ओठ वाचतो (मागावर सगळेच शिकतात)
तिन्ही शब्द नीट उचलतो
आणि विचारतो,
मग यात तू दुरुस्त काय करणार?

वर्गात आम्ही नऊ जण.
चौघांचा इंजिनिअरिंगला नंबर हुकलेला,
एकाला वाटलेलं, हा कॉम्प्युटरचा कोर्स आहे.
हत्तुरे मॅडमनी पहिल्या तासाला
फळ्यावर नाव लिहिलं विषयाचं, आणि म्हणाल्या,
मोठे शब्द सोडा, मधल्या 'आणि'वर नजर ठेवा.
मी वहीत तेवढंच लिहिलं.
घरी व्यंकटेशनं वही उघडून पाहिली:
आणि?
पुढं काय?

पुढं हे, की ऑगस्टमध्ये
विडी घरकुलातल्या रेशन दुकानात
अम्मानं मशीनवर अंगठा ठेवला.
पुन्हा प्रयत्न करा.
पदराला पुसून ठेवला. पुन्हा.
मावशी, केसांवर घासा, तेल लागू दे, दुकानदार म्हणाला,
माणूस चांगला आहे, पावणेदोन वाजेपर्यंत थांबला.
उजवा झाला, डावा झाला,
मग एकेक बोट, लहान मुलीची नखं बघावीत तसं.
रेषाच नाहीत.
दिवसाला हजार विड्या, एकतीस वर्षं,
पान भिजवा, कातरा, जर्दा भरा, वळा,
नखीनं तोंड मिटा, दोरा.
एवढ्यात कुठंतरी झिजल्या,
कुणाच्या खिशातून कुठल्या गावाला गेल्या
कुणाला माहीत.

कारखान्यात चेकर बोटानंच चाचपतो.
वाकडी, सैल, तोंड उघडं,
तशी विडी बाजूला फेकतो, तिला छाट म्हणतात,
तिचे पैसे नाहीत.
अम्मा परत येताना हसत होती.
आज मीच छाट निघाले की ग, म्हणाली
तेलुगूत,
पण छाट हा शब्द मराठीच राहिला.

मी यावर सहा पानं लिहिली.
यंत्र बनवणाऱ्याच्या डोळ्यापुढं
कुणाचा अंगठा होता, वगैरे.
दहापैकी सात मिळाले.
तांदूळ चौथ्या दिवशी मिळाले,
व्यंकटेशच्या मोबाईलवर नंबर आला तेव्हा.
मॅडमनी लाल पेनानं समासात लिहिलं होतं:
उदाहरण चांगलं आहे.

उदाहरण तेव्हा घरी चहा गाळत होतं.
उदाहरणानं विचारलं, किती पडले?
सात म्हटल्यावर म्हणालं,
तीन कुठं गेले?
आणि मला ते नीट सांगता आलं नाही,
ना मराठीत, ना तेलुगूत.

आता प्रोजेक्टला पाणी घेतलंय.
पाचव्या दिवशी पहाटे तीनला येतं,
म्हणून अडीचला कोपऱ्यावर उभी राहते
इरप्पा वॉल्व्हमनची वाट बघत.
तो सायकल भिंतीला लावतो,
खड्ड्यात लांब चावी उतरवतो,
तोंडानं मोजतो, कन्नडमध्ये.
आमच्या गल्लीला अकरा आटे.
पलीकडच्या कॉलनीला चौदा.
कुणी ठरवलं, काका?
आधीच्यानं सांगितलं.
त्याला?
तो माझ्याकडं बघतो, मग माझ्या वहीकडं.
लिवालीस व्हय ग हे?
हो.
मग तो पुन्हा वाकतो
आणि चावीला अर्धा आटा जास्त देतो,
काही न बोलता.

हा अर्धा आटा लिहायचा का नाही,
मी विजेच्या खांबाखाली उभी राहून ठरवत असते
तेवढ्यात नळ्यांमधून हवा खाकरते,
मामाला ऐकू जात नाही,
अम्मा आतून हाक मारते: घागरी!