दोन बोटं सैल

शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत,
मी डबा खुर्चीवर ठेवून बाजारात निघते.
वीजखात्यात सांगते, दाताच्या डॉक्टरकडे जाऊन येते.
गेल्या पावसाळ्यापासून माझे एकवीस दात दुखून झाले.

म्हापशाच्या बाजारात, मयड्याच्या केळ्यांपलीकडे,
चोरीसच्या माळा संपतात तिथं,
निळ्या ताडपत्रीवर दस्तगीरचा ढीग.
वरचं कधी घ्यायचं नाही.
वरचं सगळ्यांनी नाकारून झालेलं असतं.
कोपरापर्यंत हात घालायचा, मान वळवून,
गाय अडली की बैलांचा डॉक्टर घालतो तसा,
आणि बोटांनीच ओळखायचं:
हे टेरिकॉट. हेही टेरिकॉट. हा कुणाचातरी पडदा.
हे... थांब...
हे लिनन.
मग हळूच ओढायचं.
बाही येते, अख्खी, कफासकट,
आणि दुसरी बाही नसतेच.

फसलेय पुष्कळदा.
जांभळा रेशमी सदरा: पहिल्याच धुण्यात
सगळा जांभळा बादलीला देऊन मोकळा झाला.
डांबरगोळ्यांच्या वासाचा कोट
तीन आठवडे वाळत घातला, शेवटी शेजारच्या कुत्र्याने पिल्लं घातली त्यावर.
आणि ते मोतिया जाकीट,
वीस रुपयांसाठी ताणलं, ऐटीत चालायला लागले,
हाक येईल म्हणून.
हाक आली नाही.
परतले तर एक कॉलेजातली पोरगी
त्याच्या बाह्या दुमडत होती.
घेतलेलं अर्धंअधिक विसरले मी.
ते न घेतलेलं अजून कपाटात टांगलेलं आहे.

दस्तगीरचा आरसा म्हणजे स्कूटरचा, दांडा मोडलेला.
एका वेळी एक खांदा मावतो.
हिरवा झगा मी हप्त्याहप्त्यानं पाहिला:
गळा, मग बगल, मग कंबर, तीही साडीवरून.
"दीडशे."
"साठ."
"बाई, आतलं अस्तर तरी बघा."
"बघितलं म्हणून साठ. नाहीतर चाळीस."
नव्वदला तुटलं. त्यानं वर एक बटण दिलं,
झग्याचं नव्हे, कसलंतरी.

रविवारी हळदोण्याला, पिएदादकडे.
ती कपडा आधी उलटा करते.
बाहेरून काय, सगळेच बरे दिसतात, म्हणते.
कमरेच्या शिवणीवरून तिचा अंगठा सरकत गेला
आणि थांबला.
"हें हांवेंच शिंवलां."

मग खिडकीशी नेऊन दाखवलं मला:
सुईची भोकं, तीन ओळी, मुंगीच्या वाटेसारखी.
इथं आत घेतली, लग्नाच्या आधी.
इथं सोडली. पाचवा लागला होता.
इथं परत आत.
"खूप आत," ती म्हणाली,
आणि झगा उगाच झटकला.

कोण होती, विचारलं.
पिएदादनं टाचण्या तोंडात धरल्या.
तोंडात टाचण्या असलेल्या बाईला
कुणी काही विचारू नये.

टेप माझ्याभोवती फिरली.
मी पोट आत ओढलं तर चापट बसली.
टाचण्या काढून म्हणाली, श्वास सोड,
झग्याशी खोटं बोललीस तर तो काखेत फाटेल.
किती ठेवू?
मला त्या तीन ओळींच्या आत जायचं नव्हतं,
बाहेरही फारसं नाही.
"दोन बोटं सैल," म्हटलं.
तिनं स्वतःची बोटं लावून मोजली, माझी नव्हे,
आणि खडूनं चौथी ओळ ओढली.
पैसे सांगितले त्यात घासाघीस केली नाही,
माझ्या आयुष्यात पहिल्यांदा.

पुढच्या सोमवारी तो घालून कचेरीत गेले.
साहेबांनी फाईलमधून वर पाहिलं,
दात कसा आहे, विचारलं.
म्हटलं, जुनाच आहे.
बसवून घेतला.